साठ वर्षांनंतरचं कुलूप

जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब 1895 च्या सुमारास कोल्हापूरला आले आणि शाहू महाराज गेले त्या 1922 सालापर्यंत इथेच दरबारगायक होते. पाव शतकाहून जास्त काळ हा माणूस आपल्या गावात गायला आणि त्यातलं एक मिनिटही आज कुणाला ऐकता येत नाही. तेव्हा यंत्रच नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान ध्वनिमुद्रण यंत्राच्या भोंग्यासमोर गायल्या होत्या आणि खाँसाहेब त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं जगले. त्यांनी तबकडी दिली नाही, एवढंच. का दिली नाही, याला कोल्हापुरात जितकी तोंडं तितकी उत्तरं मिळतील. कुणी म्हणतं, विद्या चोरीला जाईल म्हणून. कुणी म्हणतं, तीन मिनिटांत राग मांडणं म्हणजे हत्तीला डबीत कोंबणं, ते त्यांना पटलं नसणार. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आपल्या गळ्याचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. उतारवयात त्यांनी नातवाला, अझीझुद्दीन खाँना, आठवणी सांगितल्या, त्या छापल्या गेल्या. शब्द तेवढे उरले.

माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. ज्यांनी तबकड्या दिल्या, आनंदानं दिल्या, त्यांचे सूरही आपण कपाटात ठेवून दिलेत. ते कपाट कधी संग्राहकाचं असतं, कधी संस्थेचं, कधी आपल्याच माळ्यावरचं. त्या तबकड्यांपैकी ज्यांच्यावरचा स्वामित्वहक्क संपलाय, त्या सगळ्या इंटरनेटवरच्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात गेल्या पाहिजेत, जिथून कुणालाही त्या फुकट उतरवून घेता येतील. आणि त्या तिथे आहेत हे गावभर सांगितलं गेलं पाहिजे. हे काम कोल्हापूरनं अंगावर घ्यावं, असं माझं म्हणणं आहे.

हक्काचं आधी सांगतो, कारण सगळी भीती तिथेच बसलेली आहे. तबकडीवर कुत्र्याचं चित्र असलं की ती यावच्चंद्रदिवाकरौ कंपनीची, अशी आपल्याकडे समजूत आहे. आपला 1957 चा कायदा तसं म्हणत नाही. ध्वनिमुद्रण ज्या वर्षी बाजारात आलं, त्याच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजायची. 1955 साली आलेली तबकडी 1 जानेवारी 2016 रोजी मोकळी झाली. पूर्वी ही मुदत 50 वर्षं होती. 1991 संपताना रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क सुटायची वेळ आली, तेव्हा सरकारनं ती दहा वर्षांनी वाढवली आणि रवींद्रनाथांच्या निमित्तानं तबकड्यांनाही तीच वाढ मिळाली. तरीसुद्धा 78 वेगाच्या लाखेच्या तबकड्यांचं बहुतेक सगळं युग आता हक्काबाहेर गेलंय. बालगंधर्वांची नाट्यपदं घ्या, मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची 1930 च्या दशकातली 'पिया बिन नाही आवत चैन' घ्या. ती आता कुणा एकाच्या मालकीची नाहीत, म्हणजेच तुमच्याआमच्या मालकीची आहेत.

नाट्यगीतात थोडी गुंतागुंत असते, कारण तिथे एकावर एक तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. 'मानापमान' 1911 साली रंगमंचावर आलं. शब्द खाडिलकरांचे, ते 1948 मध्ये गेले. चाली आपल्या सांगवड्याच्या गोविंदराव टेंब्यांच्या, ते 1955 मध्ये गेले. लेखक आणि संगीतकाराच्या बाबतीत मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 मोजतात. म्हणजे शब्द 2009 च्या पहिल्या दिवशी सुटले, चाली 2016 च्या. जुनी तबकडी असेल तर तिन्ही दारं उघडी. ख्यालात तर एवढंही करावं लागत नाही. सदारंगाची चीज, म्हणजे बंदिश, अठराव्या शतकातली, तिच्यावर आज कोण हक्क सांगणार?

सांगतात मात्र. चार वर्षांपूर्वी मी मामांच्या ट्रंकेतली एक तबकडी यंत्रावर उतरवली. 1930 च्या दशकातली, राग तोडी, खरखर भरपूर, पण सूर असा की खरखर विसरावी. एका व्हिडिओच्या साइटवर ती टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की हे ध्वनिमुद्रण एका कंपनीच्या मालकीचं आहे, तुमच्या व्हिडिओवर जाहिराती लागतील आणि त्याचे पैसे कंपनीला जातील. माणसानं ऐकून केलेला दावा नव्हता तो. यंत्रानं यंत्राशी जुळवून पाहिलं होतं. मी लिहिलं की बाबांनो, ही तबकडी हक्काबाहेर जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली. दावा कायम. परत लिहिलं, कायद्याचं कलम दिलं, तबकडीच्या मधल्या कागदाचा फोटो जोडला. पाच आठवड्यांनी दावा निघाला, कुणी चुकलं-माकलं म्हटलं नाही. तोवर तोडीच्या आधी बनियनची जाहिरात वाजत होती. मी पेन्शनर माणूस, मला वेळ होता. वेळ नसलेला माणूस पहिल्याच निरोपाला घाबरून तबकडी उतरवतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

म्हणून कुणी मला म्हटलं, "सगळं तर मोबाइलवर आहे की, आणखी ग्रंथालय कशाला?" तर मी ही तोडी सांगतो. शिवाय त्या साइट म्हणजे बाजार आहेत. बाजाराला माझा विरोध नाही, पण बाजारात माल आज असतो, उद्या नसतो. एखाद्या हौशी माणसानं दहा वर्षं खपून पाचशे तबकड्या टाकलेल्या असतात. तो गेला किंवा त्याचं खातं बंद पडलं की पाचशेच्या पाचशे एका रात्रीत गायब. आणि ज्या असतात त्यांच्यावर नावं कशी असतात? शुद्ध कल्याणला भूप म्हटलेलं असतं, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, पत्ता नाही, साल तर अंदाजपंचे. आणि चित्र कुठल्या तरी सूर्यास्ताचं.

वेगाचं आणखी वेगळंच. 78 म्हणतात म्हणून सगळ्या तबकड्या मिनिटाला बरोबर 78 फेरेच फिरत होत्या असं नाही. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच कमी-जास्त वेगावर मुद्रित झाल्या आहेत. वेग चुकला की पट्टी चढते किंवा उतरते आणि पट्टीबरोबर लयही बदलते. भारदस्त आवाजाची बाई शाळकरी मुलीसारखी ऐकू येते. आमच्या एका स्नेह्यांनी असं चढलेलं ध्वनिमुद्रण ऐकून 'पूर्वीच्या बायकांच्या पट्ट्या किती उंच होत्या' असं अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. तबकडी पेटीवरच्या काळी चारची पांढरी सहा करून वाजत होती, एवढंच.

ग्रंथालय आणि बाजार यांतला फरक इथे कळतो. ग्रंथालयात तबकडीचा क्रमांक असतो, मधल्या कागदाचा फोटो असतो, राग, ताल, साथीदार, कुठल्या वेगावर उतरवली ते लिहिलेलं असतं. चुकलं असेल तर दुसरा माणूस दुरुस्त करू शकतो. आणि मुख्य म्हणजे फाइल घरी नेता येते, तिची प्रत काढता येते, ती लघुपटात वापरता येते, वर्गात वाजवता येते. शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या मुलीला कोल्हापूरच्या संगीतावर वीस मिनिटांचा माहितीपट करायचा असेल, तर आज तिची अर्धी शक्ती परवानग्यांत जाते आणि शेवटी ती कुठून तरी फुकटचं बासरीचं तुणतुणं आणून मागे लावते. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्येवरच्या माहितीपटात मागे कसलंतरी लिफ्टमधलं संगीत! मी असे दोन पाहिलेत.

ग्रंथालय हा शब्द कोल्हापुरात हलका नाही. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं. आणि देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कुणाचा? मद्रास प्रांताचा नव्हे, मुंबईचा नव्हे. तो कोल्हापूर संस्थानचा, 1945 चा. पुस्तक विकत घ्यायची ऐपत नसलेल्या माणसालाही पुस्तक मिळालं पाहिजे, ही गोष्ट या गावानं स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी कायद्यात लिहिली. मग तीच गोष्ट सुराला लावायला आपण का कचरतो? पुस्तकाच्या बाबतीत कुणी म्हणत नाही की फुकट वाचायला दिल्यानं तुकारामाची किंमत कमी झाली. गाण्याच्या बाबतीत मात्र लगेच 'फुकटाची किंमत नसते' हे वाक्य येतं, आणि ते बहुतेक वेळा ज्याच्या कपाटात तबकड्या आहेत त्याच्याच तोंडून येतं.

संग्राहकांवर मला राग काढायचा नाही. त्यांनी जुन्या बाजारातून, भंगारवाल्याकडून, वाड्यांच्या लिलावांतून या तबकड्या वाचवल्या नसत्या तर आज बोलायलाच काही उरलं नसतं. मुंबईत 1990 पासून भारतीय रेकॉर्ड संग्राहकांची एक संस्था आहे. तिच्या लोकांनी जी यादी-नोंदींची कामं केली, ती सरकारी खात्यांनी करायला हवी होती. पण संग्रहाला एक रोग असतो. दुर्मीळ वस्तूची दुसरी प्रत निघाली की आपली वस्तू दुर्मीळ राहत नाही, असं वाटायला लागतं. मग 'येऊन ऐका, पण टेप करू नका' सुरू होतं. मीही हे केलंय. मामांची ट्रंक हातात आली तेव्हा पहिलं वर्षभर मी ती तोडी निवडक चार माणसांनाच चहा पाजून ऐकवत होतो. त्यात एक सुख आहे, नाकारत नाही.

विद्या लपवण्याची आपली परंपराही मोठी आहे आणि तिला कारणंही होती. चीज हीच गवयाची इस्टेट होती. मुलीच्या लग्नात हुंडा म्हणून चिजा दिल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. पण या परंपरेला मराठी माणसानंच पहिला मोठा धक्का दिला. भातखंडे गावोगाव, घराण्या-घराण्यांकडे फिरले, चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि क्रमिक पुस्तकं करून चार-सहा आण्यांच्या माणसाच्याही हातात पोचतील अशा छापल्या. तेव्हा त्यांनाही ऐकावं लागलंच की कागदावरून गाणं येतं का म्हणून. येत नाही, खरंच. पण आज कोणत्याही घराण्याचा, कितीही तालेवार गवई असो, त्याच्या घरी ती पुस्तकं आहेत. भातखंडे 1936 मध्ये गेले, त्यांचं लिखाण 1997 पासून सगळ्यांचं झालं. तबकडी म्हणजे त्याच कामाचा पुढचा भाग. स्वरलिपीत जे उतरत नाही, आसेची मींड, श्वास कुठे घेतला, समेवर येताना अक्षर कसं टाकलं, ते सगळं लाखेत आहे.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो, तो उडवून लावणार नाही. गुरुजन म्हणतात, मुलांचे कान ध्वनिमुद्रणांवर पोसले तर गळे नकलेचे होतील. होतात. मी ऐकलेत असे गळे, ज्यांत खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची तान आहे पण त्या तानेआधीचा विचार नाही. तीन मिनिटांच्या तबकडीत जयपूरची गायकी मावतच नाही. ती लयीला बांधलेली, एकातून एक निघणारी, सावकाश उलगडणारी गायकी. तबकडीत त्या गायकीचं खिडकीतून दिसावं तेवढंच दर्शन होतं. पण गडहिंग्लजच्या किंवा राधानगरीच्या मुलाला त्या खिडकीपर्यंतही आज पोचता येत नाही. संपूर्ण मालकंस हा राग असतो, तो नेहमीच्या मालकंसाहून वेगळा असतो, हे त्याला कुठून कळणार? गुरू मिळणं हा नशिबाचा भाग, पण असं काही आहे हे माहीत असणं नशिबावर का सोडायचं? अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँसाहेब कोल्हापुरात शिकवत होते, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे असून त्यांच्याकडे शिकले. आधी काहीतरी कानावर पडलं असेल, ओढ लागली असेल, तेव्हाच माणूस घर सोडून तालमीला निघतो.

कलावंताच्या पोटाचं म्हणाल, तर हिशेब सरळ आहे. साठ वर्षं उलटलेल्या तबकडीवर गायकाच्या नातवंडांनाही कायद्यानं काही मिळायचं उरलेलं नाही. आज गाणाऱ्यांचं पोट मैफिलीवर आणि शिकवण्यांवर चालतं आणि मैफिलीला माणसं यायला आधी कान तयार लागतात. गायन समाज देवल क्लब 1883 पासून या गावात कान तयार करतोय. त्यातले किती कान आता पन्नाशीच्या आतले आहेत, ते पुढच्या मैफिलीला मागे वळून बघा.

उलट आजच्या कलावंताला मोबदला देऊनही गाणं मोकळं ठेवता येतं, हे पाश्चात्त्यांनी करून दाखवलंय. त्यांची अडचण आपल्या उलट होती. बाख-बीथोव्हेनच्या रचना जुन्या, कुणाच्याही नाहीत, पण वाजवणारे वाद्यवृंद आजचे, त्यामुळे ध्वनिमुद्रणं कंपन्यांची. म्हणजे विहीर सगळ्यांची, पोहरा एकाचा. 2005 साली सुरू झालेल्या म्यूझोपेन नावाच्या संस्थेनं 2010 मध्ये लोकांकडून वर्गणी मागितली: वाद्यवृंदाला पैसे देऊ, रचना वाजवून घेऊ आणि ध्वनिमुद्रण सगळ्यांना मोकळं करू. मागितले होते 11 हजार डॉलर, जमले 60 हजारांवर. किमिको इशिझाका या पियानोवादक बाईंनी 2012 मध्ये बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स अशीच लोकवर्गणीतून वाजवली आणि आपला हक्क पूर्ण सोडून दिला. बाईंना पैसे मिळाले, जगाला बाख मिळाला.

आपल्याला ही रीत परकी वाटायचं कारण नाही. शाहू महाराजांनी खाँसाहेबांना पगार दिला तो दरबारी खजिन्यातून, म्हणजे शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातून. गणपती मंडळं लाखांनी वर्गणी गोळा करतात आणि ती स्पीकरच्या अशा भिंतींवर खर्च करतात की खिडक्यांची तावदानं हलावीत. त्यातल्या एका रात्रीच्या खर्चात दोन चांगल्या गवयांचे पाच-पाच राग, व्यवस्थित स्टुडिओत, योग्य बिदागी देऊन मुद्रित होतील आणि कायमचे मोकळे राहतील. आपल्या कायद्यात हक्क सोडून देण्याचीही सोय आहे, जाहीर सूचना देऊन. एखाद्या मंडळानं करून बघावं. नाद खुळा म्हणायला मी स्वतः येईन.

आकाशवाणीचंही बोलायला हवं. सांगली केंद्र 1963 पासूनचं, कोल्हापूरच्या कितीतरी गवयांचा आवाज तिथे मुद्रित झाला असणार. लोकांच्या पैशानं, लोकांसाठी केलेली ही ध्वनिमुद्रणं आहेत. ती निवडून-निवडून सीडी करून विकण्यापेक्षा साठी उलटलेली सरसकट खुली करणं जास्त न्यायाचं होईल.

कुणी विचारेल, परदेशी ग्रंथालयं आहेत तर इथे वेगळं कशाला? कारण तिकडचा कायदा वेगळा. अमेरिकेत 1923 च्या आधीची ध्वनिमुद्रणं 2022 च्या पहिल्या दिवशी मोकळी झाली, आणि 1923 ते 1946 मधल्यांना शंभर-शंभर वर्षं थांबावं लागतं. इंटरनेट अर्काइव्ह या तिकडच्या ग्रंथालयानं 78 च्या लाखो तबकड्या उतरवून ठेवायचं प्रचंड काम हाती घेतलं, तर 2023 मध्ये बड्या कंपन्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. केसरबाईंची तीन-साडेतीन मिनिटांची भैरवी, 'जात कहाँ हो', भारतात केव्हाच मोकळी झाली आहे. त्याच भैरवीची सोनेरी तबकडी घेऊन व्हॉयेजर 1 यान 5 सप्टेंबर 1977 रोजी निघालं, आणि अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. आज ती तबकडी ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात आहे. तिथे भेटणाऱ्या कुणालाही ती फुकट ऐकता येईल, सुईसुद्धा सोबत दिलीये. कोल्हापुरात, जिथे केसरबाईंच्या गुरूनं पाव शतक काढलं, तिथे ती शाळेच्या संमेलनात लावताना मुख्याध्यापक विचारतात, "परवानगी काढलीय का?" म्हणून म्हणतो, भारतीय कायद्याखाली, भारतात ठेवलेलं ग्रंथालय हवं.

आणि ते फक्त असून भागणार नाही. पुस्तकं आलीत हे फलकावर लिहिल्याशिवाय वाचक येत नाही. संगीतशिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत आठवड्याला एक तबकडी, चार ओळींच्या माहितीसह, गेली पाहिजे. शाळेच्या परिपाठात सोमवारी तीन मिनिटं. तबकडीची लांबी त्याला नेमकी बेतलेली आहे. सकाळी मिसळीच्या दुकानात कर्कश्श रिमिक्स लावण्याऐवजी एखाद्यानं बालगंधर्व लावले, तर कटाची चव बिघडणार नाही.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त घाई आहे ती. तबकड्या लाखेच्या आहेत, पडल्या तर फुटतात, पण पाणी बऱ्यापैकी सोसतात. (स्पिरिटनं मात्र पुसू नका, लाख विरघळते. मी एक घालवलीये.) टेप सोसत नाहीत. 1950 नंतर कोल्हापुरात ज्यांच्याकडे स्पूलचं यंत्र होतं त्यांनी घरच्या बैठका, संस्थांतल्या मैफिली मुद्रित केल्या. नंतर कॅसेटी आल्या. हे गाणं तीन मिनिटांचं नाही, तासातासाचं आहे, दाद आणि खोकल्यासकट. आणि हक्काचा विचित्रपणा इथे असा की जे ध्वनिमुद्रण कधी प्रकाशितच झालं नाही त्याची साठ वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही. ते करणाऱ्या माणसाच्या किंवा त्याच्या वारसांच्या हातात राहतं. गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क मैफिलीनंतर 50 वर्षं. म्हणजे 1970 ची मैफल असेल तर तो 2020 अखेर संपला. तरी माझं मत असं की गायकाच्या घरी जाऊन विचारावं, कायद्यानं लागत नसेल तरीही. बहुतेक घरी डोळ्यांत पाणी येतं आणि चहा येतो.

पण पाणी दुसरंही येतं. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा शाहूपुरीपर्यंत आली तेव्हा किती घरांतल्या खालच्या कपाटात किती टेप होत्या, कुणी मोजलं नाही. लोकांनी आधी माणसं आणि जनावरं काढली, बरोबरच आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. 1915 चं पॅलेस थिएटर, शाहू महाराजांनी बांधलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक रस्त्यावर उभं राहून रडत होते, मीही होतो. इमारत पुन्हा उभी करता येते, नकाशे असतात, फोटो असतात. एका जागी असलेल्या एकुलत्या एक टेपला दुसरा नकाशा नसतो. ज्याच्या शंभर घरांत प्रती आहेत, ते जळत नाही आणि बुडत नाही.

गेल्या महिन्यात मंगळवार पेठेतल्या एका काकूंनी मला बोलावलं. त्यांचे यजमान जाऊन सतरा वर्षं झाली. माळ्यावर अकरा स्पूल, प्रत्येकावर शाईनं राग आणि तारीख, अक्षर मोत्यासारखं. दोन टेपना बुरशी आहे, बाकीच्या वाजतात. परवा पहिली उतरवली. घरचीच बैठक, बाहेर टांग्याचा आवाज, जौनपुरी. तिसऱ्या मिनिटाला यंत्राच्या अगदी जवळ कुणीतरी जोरात खोकलं. मी म्हणालो, "काकू, हे काढून टाकता येतं हं, संगणकावर. ऐकणाऱ्याला त्रास नको."

काकूंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं.

"राहू दे की ते," म्हणाल्या, "हेच खोकलेत ते."